जनान्यातून लोकसभेत : गायत्रीदेवींचे सार्वजनिक जीवन आणि त्यांचे आत्मचरित्र

जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचे ‘अ प्रिन्सेस रिमेंबर्स’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९७६ साली प्रसिद्ध झाले. जयपूरच्या राणीचे हे पुस्तक जयपुरात सुरू होत नाही. ज्या कूचबिहारात त्यांचे बालपण गेले तेथेही ते सुरू होत नाही. त्याचा प्रारंभ होतो बडोद्यात, आजोळच्या वाड्यात, म्हणजे एका मराठी घरात. आजोबा सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून दत्तक म्हणून आलेले आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणारे राजे. आजी चिमणाबाई या ‘भारतीय जीवनातील स्त्रीचे स्थान’ या विषयावरील १९११ च्या इंग्रजी ग्रंथाच्या सहलेखिका आणि १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. आई इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेला विवाह स्वतः पत्र लिहून मोडला आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या राजपुत्राशी ब्राह्म पद्धतीने लग्न केले. राजस्थानच्या राजकारणाच्या इतिहासात या आत्मचरित्राचा विचार होतो तेव्हा ही आजोळची बाजू बहुधा पार्श्वभूमी म्हणून एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः पुढे १९६२ मध्ये लोकसभेत जाणारी जी व्यक्ती आहे तिची घडण समजण्यास ती फार उपयोगी पडते.

संसदेत अन्य व्यवसायांतून आलेल्या सदस्यांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. पोस्टखात्यातील नोकरीतून नाटककार झालेले मामा वरेरकर १९५६ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे मधु दंडवते १९७१ मध्ये राजापूरमधून लोकसभेत गेले. अशा सदस्यांच्या बाबतीत जुन्या व्यवसायाचे संस्कार नव्या कामात कसे उतरले हे पाहता येते. दंडवत्यांच्या भाषणांतील मांडणीत वर्गातला अध्यापक ओळखू येतो. पण राणीपद हा व्यवसाय मानावा काय? त्याला शिक्षण लागते, शिष्टाचार लागतो, ठरलेली कर्तव्ये असतात आणि १९७१ पर्यंत त्याच्या मागे तनखाही होता. मात्र त्यात प्रवेश जन्माने किंवा विवाहाने मिळतो आणि त्याचा राजीनामा देता येत नाही. गायत्रीदेवींच्या सार्वजनिक जीवनातील मुख्य पेच येथेच आहे. दंडवते अध्यापन सोडून संसदेत गेले असे म्हणता येते. गायत्रीदेवी राणीपद सोडून संसदेत गेल्या असे म्हणता येत नाही, कारण मतदारांनी त्यांना मते दिली ती बव्हंशी त्या राणी होत्या म्हणूनच.

त्यांचा जन्म २३ मे १९१९ रोजी लंडन येथे झाला. वडील महाराजा जितेंद्रनारायण १९२२ मध्ये वारले आणि इंदिराराजे कूचबिहारच्या रीजंट झाल्या. घरात बंगाली, आईची मराठी, शिक्षणाची इंग्रजी अशा तीन भाषा होत्या; काही काळ शांतिनिकेतनातही शिक्षण झाले. पित्याकडील आजी सुनीतिदेवी या केशवचंद्र सेनांच्या कन्या. त्यांच्या १८७८ मधील विवाहामुळे ब्राह्मसमाजात फूट पडली हे सर्वश्रुत आहे. साहित्याच्या अभ्यासकांना अधिक महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट ही की, याच सुनीतिदेवींनी १९२१ मध्ये ‘ऑटोबायोग्राफी ऑफ ॲन इंडियन प्रिन्सेस’ हे आत्मचरित्र लिहिले. म्हणजे एकाच घराण्यात पंचावन्न वर्षांच्या अंतराने दोन स्त्रियांनी इंग्रजीत आत्मकथन केले आणि दोघींनीही शीर्षकात स्वतःला ‘राणी’ न म्हणता ‘राजकन्या’ म्हणवले. इंग्रजी वाचकाला ‘प्रिन्सेस’ हा शब्द परिचित आणि आकर्षक, हे त्याचे एक कारण असेल. दुसरे असे की, ‘राजकन्या’ म्हटल्यावर माहेर पुढे येते, आणि या दोन्ही पुस्तकांत माहेर खरोखरच पुढे आहे.

९ मे १९४० रोजी जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) यांच्याशी कूचबिहार येथे त्यांचा विवाह झाला. मानसिंहांच्या जोधपूरच्या दोन राण्या आधीच होत्या, या तिसऱ्या. बडोद्यात आजीने पडदा झुगारलेला, आईने तो कधी पाळलाच नाही, आणि आता वाट्याला आले ते शेकडो स्त्रियांचे बंदिस्त जग असलेले जयपूरचे राजवाडे. या जनान्याचे वर्णन आत्मचरित्रातील सर्वांत जिवंत भागांपैकी एक आहे. त्यात रागही नाही आणि भलावणही नाही. परक्या प्रांतातून आलेल्या पाहुणीने टिपावे तसे बारकावे आहेत. निवेदिका जनान्यात राहते, पण जनान्यातून बोलत नाही. ही तटस्थता माहेरच्या शिक्षणाने दिलेली आहे.

१९४३ मध्ये त्यांनी जयपुरात मुलींची शाळा काढली. महाराणी गायत्रीदेवी गर्ल्स स्कूल या नावाने ती आजही चालू आहे. सरदार-जहागीरदारांच्या मुलींना पडद्यातून बाहेर काढावयाचे तर प्रथम त्यांच्या वडिलांना पटेल अशी प्रतिष्ठित शाळा हवी, असा त्यामागील विचार होता. पहिल्या मुख्याध्यापिका लिलियन लटर या ब्रह्मदेशातील अध्यापनाचा अनुभव घेऊन आलेल्या होत्या. सुरुवातीच्या मुली जेमतेम दोन डझन. सयाजीरावांचे शिक्षण वरून फर्मानाने खाली गेले होते. नातीचे शिक्षण वरच्या थरातच सुरू झाले. हा फरक पुस्तकात नोंदला गेलेला नाही, पण तो जाणवतो.

जयपूर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचा आणखी एक प्रयोग त्यापूर्वी आठ वर्षे सुरू झाला होता, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून गायत्रीदेवींच्या कार्याचे मोल ठरविता येणार नाही. जोबनेर येथे जन्मलेले हीरालाल शास्त्री जयपूर दरबारच्या नोकरीत सचिवपदापर्यंत चढले आणि १९२७ मध्ये नोकरी सोडून खेड्यात गेले. वनस्थळी येथे त्यांनी १९२९ मध्ये ‘जीवन कुटीर’ स्थापन केली. त्यांची बारा वर्षांची मुलगी शांता १९३५ मध्ये वारली. मुलीच्या मागे त्यांनी आणि पत्नी रतन शास्त्री यांनी इतरांच्या मुलींना शिकविण्यास घेतले आणि त्यातून वनस्थळी विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रीय वाचकाला येथे अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याची झोपडी आठवणे अपरिहार्य आहे. पुढे शास्त्रीजी प्रजामंडळाचे नेते, १९४९ मध्ये राजस्थानचे पहिले मुख्यमंत्री आणि १९५७ ते १९६२ या काळात सवाई माधोपूरचे लोकसभा सदस्य झाले. म्हणजे जुन्या जयपूर संस्थानातून एक शाळा काढणारा अधिकारी ज्या वर्षी लोकसभेतून बाहेर पडला, त्याच वर्षी दुसरी शाळा काढणारी राणी लोकसभेत गेली. शास्त्रीजींचे ‘प्रत्यक्षजीवनशास्त्र’ हे हिंदी आत्मचरित्र आणि ‘अ प्रिन्सेस रिमेंबर्स’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एकाच शहराचे दोन नकाशे हाती येतात. एकात रामबाग आहे, दुसऱ्यात वनस्थळीची वाळू.

या दोन नकाशांमधील अंतर वर्ध्याहून मोजणे सोयीचे आहे. जमनालाल बजाज हे मूळचे सीकरकडचे. १९३८ मध्ये ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांना संस्थानात प्रवेशबंदी करण्यात आली, ती मोडल्याबद्दल १९३९ च्या फेब्रुवारीत अटक झाली, आणि सत्याग्रहात शास्त्रीजींसह अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. यानंतर सव्वा वर्षाने गायत्रीदेवी नववधू म्हणून जयपुरात आल्या. त्यांच्या पुस्तकातील जयपुरात हत्ती आहेत, पोलो आहे, तीज-गणगौरीच्या मिरवणुका आहेत. सत्याग्रहाची धूळ फारशी दिसत नाही. शेखावाटीतील शेतकऱ्यांचे लढे आणि १९५२ चा जहागिरी रद्द करणारा कायदा यांनाही निवेदनात मध्यवर्ती स्थान नाही. आत्मचरित्रकाराने काय सांगावे हे समीक्षकाने ठरवू नये हे खरे. पण जी व्यक्ती पुढे ‘आमच्या लोकांसाठी’ निवडणूक लढविल्याचे सांगते, तिच्या ‘आमचे लोक’ या शब्दांत कोण येतात आणि कोण येत नाहीत हे विचारण्याचा अधिकार समीक्षकाला आहे.

राजकारणात त्या आल्या त्याची कारणे पुस्तकात एकाहून अधिक आहेत. ३० मार्च १९४९ रोजी जयपूर राजस्थानात विलीन झाले आणि मानसिंह राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये ते पदही गेले. रामबाग राजवाड्याचे हॉटेल झाले. शहराच्या जुन्या तटभिंती पाडल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांनी नेहरूंकडे तक्रार केली आणि ते काम थांबले, असे त्या सांगतात. सुखाडियांच्या काँग्रेसने १९५७ मध्ये त्यांना उमेदवारी देऊ केली होती, ती स्वीकारली गेली नाही. शेवटी १९६१ मध्ये त्या स्वतंत्र पक्षात गेल्या. दोन वर्षांपूर्वी राजगोपालाचारींनी स्थापन केलेला हा पक्ष जमीनदार, उद्योगपती आणि माजी संस्थानिक यांचा म्हणून ओळखला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र इतके लक्षात ठेवावे की, त्याच्या अग्रभागी तमिळ गद्याचा एक श्रेष्ठ लेखक आणि कन्हैयालाल मुन्शींसारखा गुजराती कादंबरीकार असे दोन साहित्यिक होते.

प्रचाराची प्रकरणे या ग्रंथाचा गाभा आहेत. जीपने खेड्यापाड्यांतून फिरताना गायत्रीदेवींना एक गोष्ट नव्याने कळते : आपले हिंदी कच्चे आहे. बंगाली, मराठी, इंग्रजी आणि फ्रेंचच्या सान्निध्यात वाढलेल्या या स्त्रीला मतदारांची भाषा प्रौढ वयात शिकावी लागली. ढूंढाडी बोलणाऱ्या शेतकरी स्त्रियांपुढे उभे राहून लिहून आणलेले हिंदी भाषण करणे म्हणजे दोन्ही बाजूंनी अनुवादातच बोलणे आणि ऐकणे होते. तरीही गर्दी लोटत होती, कारण लोक ऐकण्यापेक्षा पाहण्यास आले होते. हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे.

निवडणूक चिन्हांचा प्रसंग तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावा. स्वतंत्र पक्षाचे चिन्ह तारा होते. निरक्षर मतदारांना ‘ताऱ्यावर शिक्का मारा’ असे शिकविताना कार्यकर्त्यांच्या लक्षात आले की, लोक चिन्हे आपल्या परीने वाचतात. मतपत्रिकेवरील घोडेस्वार पाहून कुणाला वाटे की हे साक्षात महाराजाच आहेत, तेव्हा मत यालाच द्यावयाचे. कुणाला दुसऱ्याच एखाद्या चित्रात राणीसाहेबांची खूण दिसे. लोकांनी चिन्हाचा पक्षीय अर्थ बाजूला सारून पारंपरिक राजचिन्हांच्या कोशातून तो लावला. निवेदिका हा प्रसंग विनोद म्हणून सांगते. पण विनोदाच्या खाली जे आहे ते गंभीर आहे : तेथील मतदार अजून प्रजेच्या भाषेत वाचत होता, आणि उमेदवाराला त्या वाचनाचा लाभही होत होता व अडचणही. घोडेस्वाराला पडलेले मत राणीवरच्या निष्ठेचे असूनही राणीच्या विरोधात मोजले जाई. लोकशाहीत निष्ठेलाही योग्य चौकटीत शिक्का मारता यावा लागतो.

१९६२ चा निकाल असा : झालेल्या २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मते गायत्रीदेवींना, म्हणजे शेकडा ७८ हून अधिक. गिनीजच्या विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली. राजस्थान विधानसभेत स्वतंत्र पक्षाने १७६ पैकी ३६ जागा मिळवून प्रमुख विरोधी पक्षाचे स्थान घेतले. या आकड्यांची चर्चा इतकी झाली आहे की त्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

लोकसभेतील गायत्रीदेवी प्रचारातल्या गायत्रीदेवींइतक्या पुस्तकात दिसत नाहीत, आणि ही त्या पुस्तकाची मोठी उणीव म्हटली पाहिजे. चिनी आक्रमणानंतरच्या एका चर्चेत त्यांनी नेहरूंच्या भाषणात मध्येच टोला मारला आणि नेहरूंनी स्त्रीशी शब्दाला शब्द लावण्याचे नाकारले, हा प्रसंग त्या रंगवून सांगतात. त्यातील खोच अशी की, विरोधी सदस्याला उत्तर न देण्याचे निमित्त म्हणून तिचे स्त्रीत्व पुढे करण्यात आले. जनान्याबाहेर आलेल्या स्त्रीला सभागृहातही एक झिरझिरीत पडदा आढळला. निवेदिका हे असे म्हणत नाही. ती प्रसंग सांगून पुढे जाते. विधेयके, प्रश्नोत्तरे, मतदारसंघातील पाण्याचे आणि दुष्काळाचे प्रश्न यांविषयी एखाद्या अध्यापक-सदस्याने जसे तपशिलाने लिहिले असते तसे येथे नाही. मानसिंह १९६५ मध्ये स्पेनमध्ये राजदूत म्हणून गेले. त्या सुमारास लालबहादुर शास्त्रींनी काँग्रेसमध्ये येण्याविषयी विचारले असता त्यांनी नकार दिल्याचे त्या लिहितात. सरकारच्या राजदूताची पत्नी त्याच सरकारच्या विरोधात बसते, हे चित्र त्या काळातही दुर्मिळ होते.

१९६७ मध्ये त्यांनी लोकसभेबरोबर मालपुरा येथून विधानसभाही लढविली. लोकसभा जिंकली, मालपुऱ्यात दामोदरलाल व्यास यांनी त्यांचा पराभव केला. याच व्यासांना १९६२ मध्ये त्याच जागेवर राजघराण्यातील जयसिंह यांनी हरविले होते. पाच वर्षांत मालपुऱ्याच्या मतदाराने काय शिकले असेल याचा विचार या पराभवावरील त्रोटक मजकुरात नाही, तथापि एकूण कारकिर्दीत तो विक्रमाइतकाच बोलका आहे. त्या वर्षी १८४ पैकी ८९ जागा मिळविलेल्या काँग्रेसला राज्यपाल संपूर्णानंदांनी मंत्रिमंडळ बनविण्यास बोलाविले. संयुक्त विरोधी पक्षांनी आपलेच बहुमत असल्याचा दावा केला. जयपुरात जमावबंदी झाली, गोळीबार झाला, माणसे मेली आणि राष्ट्रपती राजवट आली. संपूर्णानंद हे स्वतः एके काळचे शिक्षक आणि हिंदीतील विद्वान ग्रंथकार होते. त्या आठवड्यांच्या वर्णनात निवेदिकेचा स्वर प्रथमच बदलतो. आठवणी सांगणारी राजकन्या बाजूला होते आणि तक्रार मांडणारी लोकप्रतिनिधी बोलू लागते.

या स्वरबदलाचा प्रश्न सहलेखनाशी निगडित आहे. पुस्तकावर शांता रामा राव यांचे नाव सहलेखिका म्हणून आहे. ‘होम टु इंडिया’ची ही लेखिका आणि फॉर्स्टरच्या कादंबरीची नाट्यरूपांतरकार पाश्चात्त्य वाचकाला भारत समजावून सांगण्यात वाकबगार होती. राजवाडे, शिकारी आणि प्रवास यांच्या वर्णनातील सुबक लय तिची असण्याचा संभव पुष्कळ आहे. तुलनेसाठी विजयाराजे शिंदे यांचे ‘प्रिन्सेस’ (१९८५) घ्यावे. त्याचे शब्दांकन मनोहर माळगावकरांचे. ‘द प्रिन्सेस’ ही संस्थानिकांवरील कादंबरी (१९६३) लिहिणारा, आंग्रे आणि कोल्हापूरकर छत्रपतींचा इतिहास लिहिणारा हा लेखक मराठी दरबारांच्या अंतरंगाचा जाणकार. विजयाराजे १९५७ मध्ये काँग्रेसतर्फे लोकसभेत गेल्या, पुढे काँग्रेस सोडून जनसंघात रमल्या, आणि त्यांच्या कथनात राजकारण हा आयुष्याचा मुख्य धागा झाला. गायत्रीदेवींच्या कथनात तो मुख्य धागा होत नाही. तेथे मुख्य धागा ‘जय’, म्हणजे मानसिंह, हाच आहे. २४ जून १९७० रोजी इंग्लंडात सायरन्सेस्टर येथे पोलो खेळताना ते वारले, आणि त्यानंतरच्या पानांतला आवाज उतरलेला आहे. पतीभोवती गुंफलेले स्त्रीचे आत्मकथन मराठीला अपरिचित नाही. रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या आठवणींत पतीच गुरू आहे आणि सार्वजनिक जीवन त्याच्या बोटाला धरून आलेले आहे. परंतु रमाबाईंनी ते आपल्या भाषेत, आपल्या हाताने लिहिले. गायत्रीदेवींच्या पुस्तकाला अशी एक भाषा नाही. आजोळची मराठी, घरची बंगाली, मतदारांची हिंदी या तिन्हींतले अनुभव इंग्रजीत येताना सारख्याच झिलईचे झाले आहेत.

१९७१ मध्ये त्या तिसऱ्यांदा निवडून आल्या, मताधिक्य मात्र पूर्वीच्या प्रत्येक वेळेहून कमी. त्याच वर्षाच्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मान्यता रद्द झाली. १९७४ मध्ये स्वतंत्र पक्ष विसर्जित झाला. १९७५ च्या फेब्रुवारीत जयपूरच्या वाड्यांवर प्राप्तिकर खात्याच्या धाडी पडल्या आणि आणीबाणीत, जुलैच्या अखेरीस, विद्यमान लोकसभा सदस्य असलेल्या गायत्रीदेवींना सावत्र पुत्र भवानीसिंह यांच्यासह परकीय चलन व चोरटा व्यापार यांविषयीच्या ‘कोफेपोसा’ कायद्याखाली तिहार तुरुंगात टाकण्यात आले. दंडवते त्याच सुमारास बंगळूरच्या तुरुंगात होते. त्यांना राजकीय कैदी म्हणवून घेता येत होते. विरोधी सदस्याला राजकीय विरोधासाठी नव्हे, तर आर्थिक गुन्ह्याच्या संशयावरून स्थानबद्ध करण्यात तिचे राजकारणच नाकारले जाते. तिला पुन्हा निव्वळ संपत्तीची धनीण ठरविले जाते, म्हणजे ज्या ओळखीतून ती संसदेत आली त्याच ओळखीत तिला परत ढकलले जाते. विजयाराजेही तिहारमध्येच आल्या. दोघींच्याही आत्मचरित्रांत ते तुरुंगवासाचे दिवस आहेत, आणि दोन्हींची शेजारी ठेवून केलेली चिकित्सा उपयुक्त ठरेल.

तिहारच्या प्रकरणात दागिने नाहीत, झिलई कमी आहे, वाक्ये आखूड आहेत. स्त्री-कैद्यांबरोबर आत राहणाऱ्या मुलांसाठी गायत्रीदेवींनी बाहेरून पाट्या आणि पुस्तके मागविली आणि त्यांना शिकविण्यास बसल्या. १९४३ ची शाळा सरदारांच्या मुलींसाठी होती. ही ज्यांच्यासाठी भरली त्यांना त्या शाळेच्या फाटकातही प्रवेश मिळाला नसता. संपूर्ण आत्मचरित्रात कवळाण्याच्या आजोबांच्या जवळ जाणारा प्रसंग शोधावयाचा झाल्यास तो हाच. पुस्तकात त्याला अगदी थोडी जागा मिळाली आहे.

१९७६ च्या जानेवारीत त्यांची पॅरोलवर सुटका झाली आणि त्याच वर्षी पुस्तक आले. १९७७ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही. २९ जुलै २००९ रोजी जयपूर येथे त्यांचे निधन झाले.